हॉटेलच्या खोलीतील नाश्त्यासाठी रुंद तोंडाचा थर्मास आणि घडीची किटली : अ‍ॅलर्जी असलेल्या कुटुंबाचे परीक्षण

अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाची प्रवासात खरी कसोटी लागते ती सकाळच्या खाण्यापाशी. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासाठी उपाहारगृह निवडता येते, आधी फोन करून चौकशी करता येते, प्रसंगी स्वयंपाक्याशी बोलून कोणत्या पदार्थात काय घातले आहे याची खात्री करून घेता येते. सकाळी मात्र सगळे घाईत असतात, बुफेवर उभा असलेला कर्मचारी बहुधा पदार्थ मांडणारा असतो, बनवणारा नसतो, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा अंदाजाने दिले जाते. शिवाय पदार्थ स्वतः निर्धोक असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचणारी साधने निर्धोक नसतात. ज्या चिमट्याने कुणीतरी बदाम लावलेला केक उचलला, त्याच चिमट्याने पुढचा माणूस कापलेली फळे वाढून घेतो. टोस्टरच्या तळाशी गव्हाच्या पावाचा चुरा साठलेला असतो. जॅमच्या वाटीत लोण्याने माखलेली सुरी बुडते. म्हणून आमच्या घराने हॉटेलातील नाश्ता सोडून खोलीतच नाश्ता करण्याचा मार्ग पत्करला, आणि त्यासाठी घेतलेल्या दोन वस्तूंचे, म्हणजे रुंद तोंडाच्या स्टीलच्या थर्मासचे आणि सिलिकॉनच्या घडीच्या किटलीचे, हे परीक्षण आहे. खोलीत आयत्या मिळणाऱ्या फ्रिजविषयी आणि मायक्रोवेव्हविषयीही ओघाने लिहिले आहे, कारण या दोन वस्तूंचा उपयोग किती होतो हे बरेचसे त्यांच्यावर अवलंबून असते.

आमची अडचण कोणती, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यावरूनच हे परीक्षण आपल्या कामाचे आहे की नाही हे वाचकाला ठरवता येईल. माझ्या मुलीला दूध, शेंगदाणे आणि काजू-बदामासारखा सुकामेवा यांची अ‍ॅलर्जी आहे. माझ्या पतीला सीलिअ‍ॅक हा आजार आहे. ती वैद्यकीय अर्थाने अ‍ॅलर्जी नव्हे, पण गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन त्याला पूर्णपणे वर्ज्य असल्यामुळे स्वयंपाकात पाळायची शिस्त जवळजवळ तीच असते. दोघांची वावडी वेगवेगळी आणि प्रवासाचा खर्च मात्र बेताचा, अशा स्थितीत दोघांनाही चालेल, शिजवण्यासाठी चूल लागणार नाही आणि दिवसभर फिरण्याइतका आधार देईल असा नाश्ता आम्हाला हवा होता.

प्रथम थर्मास. पाच पैकी साडेचार गुण मी त्याला विनासंकोच देते. स्टीलच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये हवा काढून घेतलेली पोकळी आणि वर फिरकीचे झाकण, एवढीच त्याची रचना असते. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये द्रवरूप वायू थंड ठेवण्यासाठी पोकळी असलेले दुहेरी भिंतीचे भांडे बनवले, आणि आजचे थर्मासही त्याच तत्त्वावर चालतात. पोकळीतून उष्णता फारशी निसटत नाही. ती निसटते ती तोंडातून आणि झाकणातून. त्यामुळे चहाच्या अरुंद थर्मासपेक्षा रुंद तोंडाचा थर्मास लवकर निवतो, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तरीही नाश्त्यासाठी रुंद तोंडच हवे, कारण त्यात चमचा सरळ तळापर्यंत जातो, थर्मासमधूनच खाता येते, आणि धुताना बोटांनी आतली भिंत चाचपून पाहता येते. अ‍ॅलर्जीच्या दृष्टीने हे शेवटचे कारण सर्वांत मोठे आहे. ज्या भांड्याचा तळ दिसत नाही आणि हाताला लागत नाही, ते भांडे स्वच्छ आहे असे मी म्हणू शकत नाही.

माणशी एक याप्रमाणे अर्धा लिटरच्या आसपासचा थर्मास पुरेसा होतो. त्याहून लहान थर्मासमध्ये आतील अन्नाचे वजनच कमी असल्याने ते झपाट्याने निवते, आणि फार मोठा थर्मास अर्धा रिकामा राहिला तरी तोच परिणाम होतो. वापरण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यातील पहिली पायरी टाळली तर पुढचे सगळे फसते. आधी उकळते पाणी थर्मासमध्ये काठोकाठ भरून झाकण लावायचे आणि पाच मिनिटे तसेच ठेवायचे, म्हणजे आतली स्टीलची भिंत तापते. मग ते पाणी ओतून टाकून त्यात साधारण ५० ग्रॅम ओट्स, चिमूटभर मीठ आणि अडीचशे मिलिलिटर नव्याने उकळलेले पाणी घालायचे, चमच्याने तळापासून एकदा ढवळायचे आणि झाकण घट्ट लावून पंधरा ते वीस मिनिटे त्याला हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात घरातील एका माणसाची आंघोळ उरकते. झाकण उघडल्यावर सुट्ट्या चपट्या दाण्यांच्या जागी दाट, चकाकणारी लापशी दिसते, दाणे फुगून एकमेकांना धरून असतात आणि वाफ इतकी असते की लगेच तोंडात घालता येत नाही. त्यात पिकलेले केळे चमच्याने कुस्करून मिसळले की साखर लागत नाही. वरून एक चमचा सूर्यफुलाच्या बियांचे लोणी घातले की पोटाला आधार येतो. शेंगदाण्याचे लोणी खाऊ न शकणाऱ्या मुलीसाठी हा बदल आमच्या घरात कायमचा झाला आहे.

ओट्सखेरीज बकव्हीटचे, म्हणजे कुट्टूचे, अख्खे दाणे थर्मासमध्ये उत्तम होतात. त्यांना पाऊण तास ते तासभर लागतो, म्हणून सकाळी उठल्याबरोबर भिजवावे लागतात. नावात गव्हाचा इंग्रजी शब्द असला तरी बकव्हीटचा गव्हाशी संबंध नाही आणि त्यात ग्लूटेन नसते. मात्र काही लोकांना बकव्हीटचीच तीव्र अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे ज्याने तो आधी घरी खाल्लेला नाही त्याने प्रवासात पहिला प्रयोग करू नये. क्विनोआ (धान्यासारखे वापरले जाणारे बारीक बी) अर्ध्या-पाऊण तासात खाण्याजोगा होतो, पण दाताखाली थोडा कचकचतो. मला ते चालते, मुलीला चालत नाही. ओट्सचे जाड तुकडे, म्हणजे चपटे न केलेले दाणे, थर्मासमध्ये वीस मिनिटांत मुळीच शिजत नाहीत.

ते तुकडे रात्री उकळत्या पाण्यात घालून सकाळी खावेत, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. तो मी पाळत नाही आणि कुणी पाळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शिजलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान फार वेळ राहिले की त्यात जिवाणू वाढतात. धान्यावर बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवताना मरत नाहीत, आणि अन्न कोमट राहिले की त्यांतून वाढलेले जिवाणू जे विष तयार करतात त्यातील एक प्रकार पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. रुंद तोंडाचा अर्ध्या लिटरचा थर्मास रात्रभर ६० अंशांच्या वर राहील याची खात्री देता येत नाही. स्वयंपाकातील टोचायचा थर्मामीटर जवळ असेल तर कुणालाही घरी पाणी भरून हे तपासता येईल. ज्या मुलाला आधीच अन्नामुळे दवाखाना पाहावा लागला आहे, त्याला केवळ वीस मिनिटे वाचवण्यासाठी या धोक्यात घालण्यात काहीच अर्थ नाही.

थर्मासचा उरलेला अर्धा गुण मी कापला तो झाकणासाठी. झाकणाच्या आतल्या बाजूला सिलिकॉनची रिंग बसवलेली असते आणि तिच्या मागच्या खाचेत लापशीचा पातळ थर जाऊन बसतो. वरून पाहिले तर झाकण लख्ख दिसते. रिंग नखाने उचलून बाहेर काढली की खाचेत करड्या रंगाची, चिकट रेघ आढळते. एकाच माणसाच्या एकाच प्रकारच्या नाश्त्यासाठी ही केवळ स्वच्छतेची बाब आहे, पण काल दूध घातलेली लापशी आणि आज दूध वर्ज्य असलेल्याची लापशी असा क्रम असेल तर ती रेघ धोक्याची ठरते. म्हणून थर्मास घेताना रिंग निघते की नाही हे दुकानातच पाहावे, आणि न निघणारी रिंग असलेला थर्मास कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आमच्याकडे प्रत्येकाचा थर्मास वेगळा असून त्यांची झाकणे वेगवेगळ्या रंगांची आहेत. मुलीच्या थर्मासमध्ये दूध कधीही गेलेले नाही आणि पतीच्या थर्मासमध्ये गव्हाचा कण गेलेला नाही. खाऊन झाल्यावर लगेच त्यात गरम पाणी भरून ठेवले तर पुढची धुलाई सोपी होते. लापशी वाळू दिली तर ती स्टीलला पापुद्र्यासारखी चिकटते.

आता किटली. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असतेच, मग आपली वेगळी कशाला, असा प्रश्न रास्त आहे. बजेटमधील प्रवासात प्रत्येक वस्तूचे वजन आणि किंमत मोजावी लागते. ज्याची अ‍ॅलर्जी सौम्य आहे किंवा ज्याला केवळ एखादा पदार्थ सोसत नाही, त्याने खोलीतील किटली नीट धुऊन वापरली तरी बहुधा भागते. आमच्यासारख्यांचा प्रश्न वेगळा आहे. खोलीतील किटलीत आधीच्या पाहुण्याने काय उकळले हे कळायला मार्ग नसतो. लोक त्यात शेवया शिजवतात, दूध तापवतात, अंडी उकडतात. एका हॉटेलात आम्हाला मिळालेल्या किटलीच्या तळाशी, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीच्या आतल्या कडेला, वाळलेल्या दुधाचा पिवळसर कडा स्पष्ट दिसत होता. पाणी एकदा उकळून फेकून दिले की भांडे शुद्ध झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. जिवाणूंच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे, पण अ‍ॅलर्जी निर्माण करणारी प्रथिने जिवाणू नव्हेत. दुधातील केसीन किंवा शेंगदाण्यातील प्रथिने उकळत्या पाण्याने निकामी होत नाहीत. ती घासून आणि धुऊन भांड्यावरून काढावीच लागतात, आणि विजेच्या किटलीचा आतला भाग मनाजोगता घासता येत नाही.

घडीची किटली या प्रश्नावर खरा उपाय आहे, पण तिला मी पाच पैकी साडेतीनच गुण देईन. तिची भिंत सिलिकॉनची असून ती दाबली की तळव्याएवढ्या उंचीत मावते आणि बॅगेत कपड्यांच्या मध्ये सहज बसते. आमची किटली अर्धा लिटरची आणि आठशे वॅटची आहे. खोलीच्या तापमानाचे अर्धा लिटर पाणी उकळायला हिशेबाने साडेतीन मिनिटे लागायला हवीत. प्रत्यक्षात उष्णता इकडेतिकडे जात असल्याने चार-पाच मिनिटे लागतात. दोन थर्मास आधी तापवायचे आणि मग दोन्हींत नाश्त्याचे पाणी घालायचे म्हणजे किटली तीन वेळा भरावी लागते, हे गृहीत धरून सकाळची वेळ आखावी. समुद्रसपाटीपासून उंचावर गेल्यावर पाणी कमी तापमानाला उकळते, साधारण दर ३०० मीटरमागे एक अंश या प्रमाणात. दोन हजार मीटर उंचीवर ते ९३ अंशांच्या आसपास उकळते. ओट्सना याने काही बिघडत नाही, फक्त झाकण पाच-दहा मिनिटे अधिक बंद ठेवावे लागते. बकव्हीटला मात्र फरक जाणवतो.

परदेशी जाणाऱ्याने किटलीच्या तळाशी लिहिलेले व्होल्टेज वाचल्याशिवाय ती विकत घेऊ नये. जगातील बहुतेक देशांत घरगुती वीज २२० ते २४० व्होल्टची असते आणि काही देशांत १०० ते १२७ व्होल्टची. २३० व्होल्टसाठी बनवलेली किटली ११५ व्होल्टवर लावली तर तिची शक्ती निम्म्यावर नव्हे, चौथाईवर येते. आठशे वॅटची किटली दोनशे वॅटची होते आणि पाणी उकळायला वीस मिनिटांच्या पलीकडे वेळ जातो. उलट ११५ व्होल्टची किटली २३० व्होल्टवर लावली तर ती चौपट शक्ती ओढते आणि जळते. प्लगचा आकार बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही, हे दुकानदारही सांगायला विसरतात. दोन्ही व्होल्टेजसाठी बटण असलेली किटली थोडी महाग असते, तरी तीच घ्यावी, आणि लावण्यापूर्वी ते बटण योग्य जागी आहे हे दर वेळी पाहावे.

किटलीतील दोषांविषयी. नवी असताना सिलिकॉनला वास येतो आणि तो पाण्यात उतरतो. दोन-तीन वेळा पाणी उकळून फेकल्यावर तो बराच कमी होतो, पूर्णपणे जात नाही. सिलिकॉनच्या भिंतीला घडीसाठी वळ्या असतात, आणि ती भिंत जिथे स्टीलच्या तळाला मिळते तिथे अरुंद फट असते. त्या फटीत काहीही अडकले तर निघत नाही. म्हणूनच या किटलीत आम्ही पाण्याशिवाय काहीही उकळत नाही, सूपही नाही, आणि इतरांनीही हा नियम मोडू नये. सर्वांत गंभीर दोष म्हणजे गरम झाल्यावर भिंत मऊ पडते. मुठीने धरून ओतताना किटली किंचित वाकते आणि उकळते पाणी अपेक्षेपेक्षा लवकर बाहेर येते. लहान मुले असलेल्यांनी ती टेबलाच्या कडेपासून दूर, भिंतीलगत ठेवावी आणि ओतताना थर्मास हातात न धरता सपाट जागी ठेवावा. वीज आपोआप बंद होण्याची सोय आणि कोरड्या किटलीत वीज खंडित होण्याची सोय या दोन्ही आहेत की नाहीत, हे पाहूनच खरेदी करावी.

हॉटेलच्या नियमांचे भान ठेवणे आवश्यक आहे. शेगडी, इंडक्शन, टोस्टर यांना खोलीत बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती आगीच्या भीतीने केलेली असल्यामुळे योग्यच आहे. किटलीला सहसा हरकत घेतली जात नाही, तरी रिसेप्शनवर आधी विचारावे. अ‍ॅलर्जीचे कारण सांगितले की बहुतेक लोक समजूतदारपणे वागतात, असा आमचा अनुभव आहे. किटली धूर ओळखणाऱ्या यंत्राच्या थेट खाली ठेवू नये, कारण दाट वाफेनेही काही यंत्रे वाजू लागतात.

खोलीतील लहान फ्रिजवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. हॉटेलांतील पुष्कळ लहान फ्रिज आवाज होऊ नये म्हणून कॉम्प्रेसरविना चालतात; त्यांत उष्णतेच्या साहाय्याने अमोनिया फिरवून थंडावा निर्माण केला जातो. ते शांत असतात, पण त्यांची ताकद कमी असते, आणि खोली गरम असेल तर आतले तापमान ५ अंशांच्या वरच राहते. त्यात भर म्हणजे अनेक हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतून कार्ड काढले की खोलीची वीज बंद होते, आणि काही ठिकाणी फ्रिजही त्याच जोडणीवर असतो. दिवसभर आपण बाहेर असताना फ्रिज बंद आणि रात्री आल्यावर पुन्हा सुरू, असा प्रकार असेल तर त्यात ठेवलेले उघडलेले दूध सकाळी वापरण्याजोगे उरत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचा लहान थर्मामीटर अगदी स्वस्तात मिळतो. पहिल्या संध्याकाळी तो आत ठेवून सकाळी आकडा पाहिला की त्या फ्रिजवर किती भिस्त ठेवायची हे कळते. थंड दुधात रात्रभर भिजवलेले ओट्स आकडा ५ किंवा त्याहून कमी असेल तेव्हाच करावेत. आकडा अधिक असेल तर फ्रिजमध्ये फळांखेरीज काही ठेवू नये, आणि नाशवंत पदार्थ दोन तासांहून अधिक बाहेर राहिला असेल तर तो टाकून द्यावा; हवा फार गरम, म्हणजे ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एक तासाची समजावी.

या अडचणीमुळे आम्ही वनस्पतिजन्य दुधाची दोनशे मिलिलिटरची लहान सीलबंद खोकी घेतो. ती न उघडता बाहेर टिकतात आणि एका वेळी संपतात. लिटरच्या मोठ्या खोक्यापेक्षा ती दराने महाग पडतात, पण मोठे खोके उघडून अर्धे फेकून द्यावे लागले तर बचत कुठे झाली? कोणत्या वनस्पतीचे दूध घ्यायचे हे वावड्यावर ठरते. बदामाचे दूध आमच्या मुलीला वर्ज्य, सोयाचे दूध सोयाची अ‍ॅलर्जी असलेल्याला वर्ज्य. ओट्सचे दूध तिला चालते, पण पतीला ग्लूटेनविरहित असा स्पष्ट शिक्का असलेलेच लागते. लॅक्टोजविरहित दूध हे दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यासाठी नसते, कारण त्यातून लॅक्टोज या दुधातील साखरेचा त्रास काढलेला असतो, प्रथिने तशीच असतात. शेळीच्या दुधाचेही तेच. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना तेही सोसत नाही.

ओट्सच्या खरेदीत पैसे वाचवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. ओट्समध्ये मुळात गव्हाचे ग्लूटेन नसते, पण शेतात, वाहतुकीत आणि गिरणीत त्यात गहू आणि जव मिसळतात, त्यामुळे साधे ओट्स सीलिअ‍ॅक असलेल्याला चालत नाहीत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्लूटेनविरहित म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, आणि ते लेबल असलेलेच ओट्स घ्यावेत. सीलिअ‍ॅक असलेल्या थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारून क्विनोआ किंवा बकव्हीटकडे वळावे. घरून निघताना ओट्स माणशी एका वेळच्या मापाने लहान पिशव्यांत भरून नेले की तिथे वजनकाटा लागत नाही, पण मूळ पाकिटाचे लेबल कापून पिशवीबरोबर ठेवावे.

तिथे पोहोचल्यावर खरेदी केली तर लेबल पुन्हा पहिल्यापासून वाचावे, घरी ओळखीचे असलेले पाकीट असले तरीही. एकाच नावाचा पदार्थ वेगवेगळ्या देशांत वेगळ्या घटकांपासून बनतो, आणि कोणते घटक ठळकपणे जाहीर करायचे याचे कायदेही वेगळे आहेत. युरोपीय संघात डिसेंबर २०१४ पासून चौदा घटक ठळकपणे दाखवणे बंधनकारक आहे. अमेरिकेत ही संख्या आठ होती आणि १ जानेवारी २०२३ पासून तिळाची भर पडून ती नऊ झाली. म्हणजे एका ठिकाणी ज्याचा ठळक उल्लेख सापडतो, तो दुसऱ्या ठिकाणी घटकांच्या बारीक अक्षरांत शोधावा लागतो. ‘अंश असू शकतात’ ही सूचना या दोन्ही ठिकाणी उत्पादकाच्या मर्जीवर आहे. ती नाही म्हणून पदार्थ निर्धोक, असा अर्थ काढू नये. सूर्यफुलाच्या बियांचे लोणी शेंगदाण्याच्याच कारखान्यात भरलेले असू शकते, आणि ही शंका उत्पादकाला विचारूनच फिटते. विमानाने जाताना हे लोणी सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांत मोजले जाते, म्हणून शंभर मिलिलिटरहून मोठी बरणी हाताच्या बॅगेत ठेवू नये.

खर्चाचा विचार करता बचत मुख्यतः एका निर्णयात आहे : खोली नाश्त्याशिवायच्या दराने घ्यावी. आम्ही आरक्षण करताना दोन्ही दर शेजारी ठेवून पाहतो. हॉटेलचा नाश्ता खायचाच नसेल तर त्याचे माणशी पैसे रोज भरण्यात अर्थ नाही, आणि तेवढ्या फरकातून थर्मास व किटली यांची किंमत लवकरच निघून येते. काही ठिकाणी दोन दर सारखेच असतात. तिथे बुफेतून न सोललेली केळी आणि संत्री तेवढी घ्यावीत आणि ती धुऊन मगच सोलावीत.

मायक्रोवेव्ह असेल तर चांगलेच, पण तो आधीच्या लोकांच्या अन्नाच्या शिंतोड्यांनी भरलेला असतो. अन्न आपल्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे आणि फिरती काच आधी साबणाने धुवावी. स्टीलचा थर्मास त्यात चुकूनही ठेवू नये.

खोलीतील स्वच्छतेला थर्मासइतकेच महत्त्व आहे. ज्या टेबलावर आपण नाश्ता मांडतो, त्यावर आधीच्या पाहुण्याने काय खाल्ले हे कळत नाही, आणि कपबशा पुसण्याचे फडके सगळ्या खोल्यांतून फिरलेले असू शकते. आम्ही सिलिकॉनची एक पातळ चटई नेतो. ती टेबलावर अंथरली की आपली स्वतःची जागा तयार होते आणि नळाखाली धुता येते. टेबल ओल्या वाइप्सने पुसून घ्यावे. हात मात्र साबण आणि पाण्याने धुवावेत. जंतुनाशक जेल जंतू मारते, शेंगदाण्याची प्रथिने हातावरून काढत नाही. भांडी धुण्यासाठी लहान बाटलीत साबण आणि आपला स्वतःचा स्पंज न्यावा, आणि भांडी न्हाणीघराच्या ओट्यावर न वाळवता चटईवर पालथी ठेवावीत. सफाई करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी टेबलावर चिठ्ठी ठेवून या वस्तूंना हात लावू नये अशी विनंती करावी. आम्ही ती ठेवतो आणि आजवर ती पाळली गेली आहे.

अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन सोबत असेल तर ते औषध थंड ठेवायला हवे या समजुतीने खोलीच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. ते खोलीच्या सामान्य तापमानात ठेवायचे असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते नाश्त्याच्या वेळीही माणसाजवळ असले पाहिजे.

ही खरेदी सर्वांसाठी नाही. ज्यांचा मुक्काम एकाच रात्रीचा आहे त्यांनी किटली घेऊ नये. सीलबंद दुधाचे खोके, केळे आणि घरून भाजून नेलेल्या बिया एवढ्यावर एक सकाळ निभावते. ज्यांच्या खोलीत स्वयंपाकघर आहे त्यांना थर्मासची गरज नाही, फक्त आपले एक लहान पातेले, एक चमचा आणि स्पंज न्यावा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर थर्मास घ्यावा, आणि उकळते पाणी रिसेप्शनवरून मागावे. मागताना ते कॉफीच्या यंत्रातून न देता स्वयंपाकघरातील पाण्याच्या बॉयलरमधून द्यावे असे सांगावे, कारण कॉफीच्या यंत्राची वाफेची नळी दुधात बुडवलेली असते. थर्मास घेतानाच झाकणाच्या दोन जादा रिंगा मागून घ्याव्यात; सैल झालेली रिंग नंतर त्याच मापाची मिळणे कठीण जाते आणि त्या एका रिंगेपायी चांगला थर्मास टाकून द्यावा लागतो.